भाकर झाकून ठेवली आहे

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. दूधवाला हसून बोलला की मी भांडं हलवून दूध किती पातळ आहे ते बघतो. कुणी लांबच्या पाहुण्यानं सहज फोन केला तरी याचं आपल्याकडं काय काम निघालं असेल, हाच पहिला विचार मनात येतो. बायको म्हणते, "तुमाला परसाद दिला तरी तुमी आधी वास घेता." घेतो. आणि त्यात काही चुकीचं आहे असं मला कैक वर्षं वाटलं नाही.

जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या बाजूला माझं रेडियमचं दुकान आहे. रेडियम म्हणजे गाड्यांवर चिकटवायची रंगीत अक्षरं आणि चित्रं. ऑटोच्या मागच्या काचेवरचा देव, ट्रॅक्टरवरचं लेकरांचं नाव, मोटारसायकलच्या टाकीवरचा वाघ, हे सगळं आमच्याकडून जातं. बाकीचे दुकानदार कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं काढतात. माझी अक्षरं माझी आहेत. शिरोरेघ संपते तिथं मी तिला जराशी वर उचलतो आणि काना खाली येताना किंचित बारीक होतो. कुठल्याही हायवेवर ट्रक दिसला तरी त्यावरचं अक्षर माझ्याकडचं आहे की नाही ते लांबून कळतं. हे वळण मी एकट्यानं बसवलेलं नाही. केदारखेडा या आमच्या गावी घराच्या मागच्या भिंतीवर धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी शाळेत असताना कोळशानं काढून काढून ते बसवलं होतं. मायनं ती भिंत सारवायची सोडून दिली होती.

भाऊ आता घरात नाही. हे आधीच सांगून टाकतो. तो माझ्याच दुकानात कामाला होता आणि माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला होता. चार वर्षांपूर्वी गावाकडच्या घरातून मायची सोन्याची पोत गेली. त्या आठवड्यात भाऊ दोनदा गावाला जाऊन आला होता आणि त्याच्या हातात नवा मोबाईल होता. मला एवढं पुरलं. दुकानासमोर, सगळी गल्ली ऐकत असताना, मी त्याला चोर म्हणालो. त्यानं हातातलं ब्लेड टेबलावर ठेवलं, पायात चप्पल घातली आणि गेला. संध्याकाळपर्यंत येईल असं वाटलं होतं. मग त्याचा फोन बंद झाला. कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं हैदराबादेत. मी घरात सांगून ठेवलं की त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. तेव्हापासून माय माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. तिला तिचं लेकरू परत पाहिजे होतं आणि मला माझं म्हणणं खरं ठरायला पाहिजे होतं.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई स्कूटीवरून दुकानात आल्या. साठीच्या पुढच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, गळ्यात बारीक साखळीला छोटा क्रूस. गावाकडच्या बाजूला मिशनच्या बायांचा दवाखाना आहे, तिथं त्या नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जात होत्या. त्यांनी पर्समधून एक चित्र काढलं. तपकिरी झगा घातलेला, कमरेला दोरी बांधलेला एक माणूस. एका हातावर लहान बाळ, दुसऱ्या हातात पांढरी फुलं. डोक्याचा मधला भाग भादरलेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"आमच्यातले एक संत हायेत. हरवलेलं शोधून देतात. ह्याचे पाच स्टिकर करून पाहिजे, अन् खाली लिहायचं, भाकर झाकून ठेवली आहे."

"भाकर कोणाची?"

"ज्याची हाये त्याला कळंल," त्या म्हणाल्या. "अन् अक्षर तुमच्या हातचं पाहिजे बरं का भाऊ. कॉम्प्युटरचं बिलकुल नको."

माझ्या मनात पाल चुकचुकली. देव समजू शकतो. देवाच्या खाली आशीर्वाद, कृपा, प्रसन्न, हेही समजू शकतो. पण संताच्या खाली भाकर? मी लगेच अर्थ लावून टाकला. गोरगरिबांना भाकरीचं आमिष दाखवायचं आणि हळूच आपल्यात ओढायचं. तरी ऑर्डर घेतली, कारण धंदा तो धंदा.

आमच्या कामात एक रीत आहे. देवाचं चित्र कापताना पायात चप्पल ठेवत नाही, आणि कापताना बिघडलेला देव कचऱ्यात टाकत नाही. काउंटरखाली एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सगळे फाटके देव जमा होतात आणि वर्षातून एकदा मी ते कुंडलिका नदीत सोडून येतो. त्या संताचा पहिलाच स्टिकर बिघडला. अक्षरं मी हातानं कापली होती, चित्रही मशीननं बरोबर कापलं होतं, पण कडेचं रेडियम उचलताना बाळाची बोटं माझ्या सुईला आली आणि तुटली. मी तो चुरगळला आणि कचऱ्याच्या टोपलीत फेकला. पायात चप्पल होतीच. नेमक्या त्याच वेळी सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या वाकल्या, टोपलीतून तो गोळा काढला, तळहातानं सरळ केला आणि पर्समध्ये ठेवला.

मला लाज वाटली. पण लाज वाटली की माझा संशय आणखी वाढतो, असा माझा अनुभव आहे. फाटका स्टिकर यांना कशाला पाहिजे, हे मी दोन दिवस घोळवत बसलो.

शेजारी कापडाचं दुकान आहे. शेठजींचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण चार पिढ्या इथंच गेल्या. दुपारच्या चहाला मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमी वाघ काटता तवा वाघाला इचारता का, कोनाला खानार म्हून?"

"तसं न्हाई शेठजी. ह्यात कुठंतरी पाणी मुरून राह्यलंय."

"मुरू द्या. तुमचं छत थोडंच गळून राह्यलंय."

पंधरा दिवसांनी सिस्टर परत आल्या. आता दहा पाहिजे होते. मग वीस. प्रत्येक वेळी तेच चित्र, तीच ओळ, आणि निघताना तीच सूचना, अक्षर तुमच्या हातचं. तिसऱ्या खेपेला मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि गोड आवाजात फौजदाराची चौकशी सुरू केली.

"सिस्टर, हे संत होते तरी कोण?"

त्यांनी सांगितलं. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पोर्तुगाल देशातल्या मोठ्या घरातलं पोरगं. सगळं सोडून साधू झालं. परदेशात धर्म सांगायला निघालं, तर तिथं तापानं पडलं. परतीचं जहाज वादळात भरकटून भलत्याच मुलखात, इटलीला लागलं. तिथं मठात त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तो सैपाकघरात भांडी घासत राहिला. एकदा ऐन वेळेला प्रवचन द्यायला कुणी नव्हतं, तर याला उभं केलं, आणि सगळे ऐकतच राहिले.

"एका गावात तर लोक ऐकेनात," सिस्टर म्हणाल्या. "तर हे गेले पाण्याच्या काठाला अन् माशांना सांगाया लागले. मासे डोकी वर काढून ऐकत बसले."

"गढूळ पाणी झालं की मासे श्वासाला वर येतातच. पूर्णेत मी लई बघितलेत."

"मंग तुमचे मासे बी ऐकत असतील," त्या हसून म्हणाल्या.

"अन् हरवलेलं शोधून देतात ते कसं?"

"त्यांचं एक पुस्तक होतं. तवा छापखाना नव्हता, सगळं हातानं लिहिलेलं. बाजूला त्यांनी सोताच्या अक्षरात काय काय लिहून ठिवलेलं. मठातल्या एका नव्या पोरानं ते उचललं अन् पळून गेला."

"मंग? धरून आणला का त्याला?"

"न्हाई. संतांनी नुसती प्रार्थना केली. पोरगं पुस्तक घेऊन माघारी आलं. त्यांनी पुस्तक घेतलं अन् पोराला बी घेतलं."

"चोराला परत घरात घेतलं?" माझा आवाज चढला. "असं कोणी घेतं का?"

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "म्हून तर संत म्हन्तात भाऊ," त्या म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

ते मला झोंबलं. या बाईला आमच्या घरातलं काही माहीत आहे का, असं क्षणभर वाटून गेलं. मी सरळ विचारलं, "हे स्टिकर कोणासाठी नेता?"

"एका बाईसाठी. नाव सांगू नका म्हनली ती."

झालं. नाव सांगू नका, हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. मी मनातल्या मनात त्या बाईला पकडायचं ठरवलं. कुठं हे स्टिकर दिसतात ते बघायचं, कुणी लावले ते शोधून काढायचं, आणि गावागावात सांगायचं की बाबांनो सावध राहा. गंमत म्हणजे हे सगळं ठरवत असतानाही मी वीस संत कापून दिले. ते चांगलेच झाले. बाळाची बोटं आता तुटत नव्हती.

आषाढात गावाकडं एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला चाललो होतो. भोकरदनच्या रस्त्यावर एका टपरीसमोर मिरचीचा ट्रक उभा होता. आमच्या भागातली हिरवी मिरची तेव्हा रोज ट्रक भरून लांब लांब जाते. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर तपकिरी झग्यातला संत होता आणि खाली माझी अक्षरं. स्टिकर अडाण्यानं लावलेला, आत हवेचे फुगे, एक कोपरा सुटलेला. मी मोटारसायकल थांबवली. ड्रायव्हर बाजेवर बसून पोहे खात होता.

"हे कोणी लावलं तुमच्या गाडीला?"

"केदारखेड्याच्या एका म्हातारीनं. फाट्यावर बसलेली असती. गाडी थांबली का म्हन्ती, लांब जायचास ना बाबा, मंग एवढं लाव."

माझ्याच गावची म्हातारी. यांनी माझ्या गावात हात घातला होता. "कोणती म्हातारी? कशी दिसती?"

"हिरवं लुगडं. डाव्या पायानं लंगडती. म्हन्ती, महं मोठं लेकरू जालन्यात ह्याच धंद्यात हाये." एवढं बोलून त्याचं लक्ष माझ्या मोटारसायकलच्या मडगार्डवर गेलं. तिथं माझ्या दुकानाचं नाव आहे. त्यानं मडगार्डकडं बघितलं, मग फाळक्याकडं बघितलं. "तुमीच का मंग ते?"

माझी माय डाव्या पायानं लंगडते. मी गाडीला किक मारली.

साखरपुड्याला गेलोच नाही. गावच्या घरी पोचलो तेव्हा माय ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ मोडत होती. मी रस्ताभर संताप घोटत आलो होतो, तो एकदम बाहेर आला. "माय, काय लावलंय हे? धरम बदलून राह्यलीस का तू?"

ती दचकली नाही. हातातली मिरची मोडून झाल्यावर तिनं मान वर केली. "धरम कशाला बदलू? आहे त्यात काय कमी हाये? देव्हाऱ्यात जागा होती, एक अजून बसवला."

मी आत जाऊन बघितलं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी, एका पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मी चुरगळून फेकलेला संत होता. सगळ्या अंगावर घड्या. हातावरच्या बाळाला बोटं नव्हती. त्याच्यापुढं हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

बाहेर आलो तर मायनं पदराची गाठ सोडली होती. तळहातावर पोत होती. तीच, मधल्या मण्याला पोचा पडलेली.

"कुठं सापडली?"

"जवारीच्या जुन्या कोठीत, तळाशी. वारीला जाताना घरी कोनी नव्हतं म्हून मीच ठिवली होती. मंग इसरले. चैतात दवाखान्यात सिस्टर म्हनल्या, ह्या बाबाला सांगून बगा, हरवलेलं देतो. सांगितलं. आठ दिसात कोठी साफ कराया घेतली तर हाताला लागली."

चैत्रात. म्हणजे तीन महिने झाले होते. "अन् मला सांगितलं न्हाई?"

"फोन लावला होता. मंग ठिवून दिला."

"कामून?"

"तू म्हनला असता, त्यानंच गुपचूप आनून ठिवली."

मी तोंड उघडलं होतं. आणि खरं सांगतो, तेच वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पोत समोर दिसत होती, माय स्वतः सांगत होती, तरी माझ्या डोक्यानं आधी तेच जुळवलं होतं. मी तोंड मिटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि या वेळी तिच्यामागून संशय आला नाही.

माय पुन्हा देठ मोडायला लागली. "त्यानं पोत दिली. मंग पोरगं न्हाई देनार का? पन देव झाला तरी त्याला पोराचा पत्ता कसा कळनार? म्हून गाड्यायला लावते. गाड्या लांब जातात. कुठंतरी बगंल."

"मंग मह्याच दुकानातून कामून? दुसरीकडून करून घ्यायचे."

"दुसऱ्याच्या अक्षरानं तो कामून येईल?" तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "हाकललं कोनी? तू. मंग बोलवायला बी तूच पाहिजे ना. तुहं अक्षर तो कुठं बी वळखंल. भिंतीवर तुमी दोघांनीच काढलं होतं."

मी उंबऱ्यावर बसलो. तीन महिने मी ज्या ओळीचे नाही नाही ते अर्थ लावले होते, ती मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. भाऊ उनाड. नदीवर जायचा, खेळायला जायचा, कधी वेळेवर जेवला नाही. तो आला की माय जागेवरून न उठता एवढंच म्हणायची, भाकर झाकून ठिवली हाये. कधी रागावली नाही. रागवायचो मी. ती ओळ मी स्वतःच्या हातानं पस्तीस वेळा कापली, सुईनं एकेक काना सोडवला, आणि मला ती ओळखू आली नाही.

चुलीजवळ एक परात उपडी होती. मी जाऊन ती उचलून बघितली. सवय जात नाही. खाली भाकर होती, फडक्यात गुंडाळलेली. माय बाहेरून म्हणाली, "सकाळी गाईला घालते. वाया न्हाई जात."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात चप्पल बाहेर काढून मशीनवर बसलो. सिस्टर आल्या तेव्हा पन्नास स्टिकर तयार होते. एक बिघडला होता, तो डब्यात ठेवला होता. सिस्टरनी तो डब्यात बघितला. मी म्हणालो, "नेऊ नका. मीच नेतो." त्या म्हणाल्या, "मंग आज चहा तरी पाजा. चौकशी न करता."

आता दर बुधवारी मी दुकान बंद ठेवतो आणि केदारखेड्याच्या फाट्यावर जातो. माय बाजूला दगडावर बसते. मी फाळका पुसतो, साबणाचं पाणी मारतो, स्टिकर ठेवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेला हवा काढत जातो. ड्रायव्हर विचारतात हे कोण, तर मी सगळं सांगतो. पोर्तुगाल, जहाज, भांडी, मासेसुद्धा. माशांच्या श्वासाबद्दल काही बोलत नाही. चोरीच्या पुस्तकाशी आलो की पट्टी जरा जोरात फिरते. भाऊ अजून आलेला नाही.

पहिल्याच बुधवारी नागपूरकडं जाणारा एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हरनं सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग तुमचं काय हरवलं?"

माझा हात फाळक्यावरच थांबला. मागं माय होती. चार वर्षांत मी तिच्यासमोर त्याचा उल्लेखही केला नव्हता.

"भाऊ," मी म्हणालो. "चोर म्हून हाकलला होता मी त्याला. त्यानं काही घेतलं नव्हतं."

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "नीट दाब. त्यो कोपरा उचलून राह्यला."